वाचकांचे प्रश्न : वॅट खोक्यावरचे आणि वॅट खरे

या महिन्याची बरीचशी पत्रं एकाच डब्याभोवती फिरतात. तो डबा म्हणजे कॅबिनेटच्या मागे पंखा आणि काळी वायर घेऊन बसलेला, भिंतीतली वीज संगणकाच्या भागांना लागेल तशी करून देणारा एसएमपीएस. जुना संगणक जरा जोरकस करायचा ठरला की प्रोसेसर, रॅम, कार्ड यांवर घरात चर्चा होते. हा डबा मात्र संगणक बंद पडल्यावर आठवतो. म्हणून या वेळचं पान त्याला दिलं आहे.

प्रश्न (फैजपूर) : 2013 मध्ये जोडून घेतलेला संगणक आहे. आय-5 3470, 8 जीबी रॅम, एक हार्डडिस्क, डीव्हीडी रायटर. मुलगा व्हिडिओ एडिटिंग शिकतोय म्हणून एसएसडी आणि सेकंडहँड जीटीएक्स 1650 कार्ड टाकायचं आहे. कार्डाला 300 वॅटचा सप्लाय लागतो असं वाचलं. आमचा एसएमपीएस 450 वॅटचा आहे आणि दुकानदार म्हणतो, निवांत चालेल. त्याच्यावर चिकटवलेल्या पट्टीवर 3.3 व्होल्ट 14 अँपिअर, 5 व्होल्ट 16 अँपिअर, 12 व्होल्ट 15 अँपिअर असं लिहिलं आहे. बदलावा का?

उत्तर : पट्टीवरचे आकडे पाठवलेत हे उत्तम केलंत, कारण उत्तर त्यातच आहे. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. 3.3 गुणिले 14 म्हणजे 46, 5 गुणिले 16 म्हणजे 80, 12 गुणिले 15 म्हणजे 180. उणे 12 व्होल्ट आणि स्टँडबायचे (संगणक बंद असतानाही चालू राहणाऱ्या लाइनचे) मिळून आणखी चौदा-पंधरा वॅट धरा. बेरीज होते 320. बाकीचे 130 वॅट फक्त खोक्यावर छापलेले आहेत. शिवाय या तिन्ही लाइन एकाच वेळी पूर्ण भार घेतील याचीही खात्री नसते. चांगल्या डब्याच्या पट्टीवर 3.3 आणि 5 यांची एकत्रित मर्यादा वेगळी छापलेली असते, तुमच्यावर ती दिसत नाही.

आता मुख्य मुद्दा. आजचा संगणक जवळपास सगळा 12 व्होल्टवर, म्हणजे पिवळ्या वायरीवर जगतो. प्रोसेसर आणि कार्ड दोघंही तिथूनच खातात. लाल (5 व्होल्ट) आणि केशरी (3.3 व्होल्ट) वायरींवर भार होता तो फार जुन्या मदरबोर्डांच्या काळात. स्वस्त डबे अजून त्याच नकाशावर बनतात आणि 12 व्होल्टला हात आखडता घेतात. तेव्हा पट्टीवर आधी 12 व्होल्टसमोरचा आकडा पाहायचा, वॅट नंतर. तिथे 12व्ही1 आणि 12व्ही2 असे दोन आकडे असतील तर त्यांची बेरीज करू नका. खाली दोघांची मिळून जी मर्यादा दिली असेल तीच खरी.

तुमचा हिशेब मांडू. आय-5 3470 चे 77 वॅट, पण बोर्डावरचं व्होल्टेज उतरवणारं सर्किट थोडं स्वतः खातं, म्हणून 90 धरा. कार्ड 75. बोर्ड 30, रॅम 6, हार्डडिस्क चालताना 8, एसएसडी 3, दोन पंखे 6, डीव्हीडी रायटर लिहिताना 15-20. सगळे मिळून 235 च्या आसपास. त्यातले 12 व्होल्टवरचे 190-200 वॅट, म्हणजे 16 अँपिअर. वर हार्डडिस्क सुरू होताना काही सेकंद एकटीच 2 अँपिअर ओढते. तुमच्या पट्टीवर आहेत 15. रोजच्या टायपिंगला हे चालेल, एवढी वर्षं चाललंही. एडिटिंगमध्ये रेंडर लावला, म्हणजे व्हिडिओची अंतिम फाइल बनवायला घेतली, की प्रोसेसर आणि कार्ड दोघंही एकदम जागे होतील आणि संगणक धाडकन रीस्टार्ट होईल. मग लोक विंडोज पुन्हा टाकतात, रॅम बदलतात, कार्ड परत करतात.

तेव्हा बदला. तसंही 2013 चा डबा आता निवृत्तीलाच आला आहे. आतले इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर वापरात नसतानाही सुकत जातात. तापमान दर 10 अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य ढोबळमानाने निम्मं होतं, आणि आपल्याकडचा मे महिना तुम्हाला सांगायला नको.

नवा घेताना 450 वॅटचा, पण 12 व्होल्टला किमान 30 अँपिअर असलेला घ्या. म्हणजे 360 वॅट खरे. निम्म्या-साठ टक्के भारावर तो शांत आणि गार चालतो, पुढे प्रोसेसर बदलला तरी पुरतो. जीटीएक्स 1650 च्या बऱ्याच मॉडेलांना वेगळी वायर लागत नाही, स्लॉटमधूनच 75 वॅट मिळतात. काही मॉडेलांना मात्र 6 पिनांची वायर असते. सेकंडहँड कार्ड घेण्याआधी त्याच्या कडेला सॉकेट आहे का ते पाहा. उद्या मुलाचं मन आरएक्स 580 सारख्या 185 वॅटच्या कार्डावर गेलं, तर 550 वॅटचा आणि 6+2 पिनांची वायर असलेलाच डबा लागेल. ते आत्ताच ठरवा, दोनदा खर्च नको.

खोक्यावरच्या 80 प्लस या खुणेचा अर्थ एवढाच की भिंतीतून घेतलेल्या विजेतली किमान 80 टक्के संगणकापर्यंत पोचते. ब्राँझ, गोल्ड हे त्याच्या पुढचे टप्पे. आतले भाग किती टिकतील हे ती खूण सांगत नाही. पण ही खूण नसलेल्या डब्यांत शोधाशोध करत बसण्यापेक्षा ब्राँझपासून सुरुवात केलेली बरी. दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे वॅटची हमी किती तापमानाला दिली आहे. 40 किंवा 50 अंशांना पूर्ण वॅट देणारा डबा वेगळा आणि 25 अंशांना मोजलेला वेगळा. खोलीत 42 असताना कॅबिनेटच्या आत सहज 50 होतात. तिसरी गोष्ट वॉरंटी. तीन ते पाच वर्षांची असेल तर कंपनीचा स्वतःवर थोडा विश्वास आहे असं समजा. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या.

बसवताना हे करा. भिंतीवरचं बटण बंद करून वायर काढा, मग संगणकाचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून उरलेला चार्ज सोडवा. जुन्या जोडणीचे मोबाइलवर फोटो काढा. बोर्डाची 24 पिनांची मोठी पट्टी खटका दाबूनच ओढा. ती गच्च बसलेली असते, जोर लावला तर बोर्ड वाकतो. प्रोसेसरजवळची 4 पिनांची वायर विसरू नका. ती लावायची राहिली की पंखे फिरतात, पडदा काळा राहतो, आणि माणूस नव्या डब्याला शिव्या घालतो. नव्या डब्यात ही वायर 4+4 अशी फोडता येणारी असते, त्यातली एक जोडी तुमच्या बोर्डाला पुरते. कार्डाची 8 पिनांची वायर दिसायला तशीच, पण तिच्या पिवळ्या-काळ्या वायरी उलट बाजूंना असतात. खाचा जुळत नसतील तर दाबून बसवू नका.

साटाची, म्हणजे हार्डडिस्क, एसएसडी आणि रायटरला वीज देणारी टोकं मोजून घ्या. तुम्हाला तीन लागतील. मागच्या बाजूला प्लास्टिक ओतून बंद केलेलं मोलेक्स-ते-साटा (जुन्या चार पिनांच्या टोकावरून साटा काढणारं) कन्व्हर्टर टाळा. आतल्या वायरी जवळजवळ येऊन ते जळाल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. एखादं टोक कमी पडत असेल तर डीव्हीडी रायटर सरळ काढून ठेवा. शेवटचा कधी वापरला आठवतंय का?

प्रश्न (अमळनेर) : एका कंपनीच्या ऑफिसमधून निघालेला डेल ऑप्टिप्लेक्स 9020 स्वस्तात घेतला. नवा 500 वॅटचा एसएमपीएस आणला, तर बोर्डावर 24 पिनांची जागाच नाही! दुकानदार परत घेत नाही.

उत्तर : या मॉडेलच्या बोर्डाला मुख्य सॉकेट 8 पिनांचं असतं. 3020 आणि 7020 चंही तसंच. लेनोवोच्या अनेक थिंकसेंटरमध्ये 14 पिना, एचपीच्या काही बिझनेस डेस्कटॉपमध्ये 6 पिना. ऑफिसातून निघालेला कुठलाही ब्रँडेड डेस्कटॉप उघडून मुख्य पट्टीच्या पिना मोजल्याशिवाय एसएमपीएस घ्यायचा नाही.

तुमचा डबा वाया गेला असं नाही. 24 वरून 8 पिनांवर आणणारी कन्व्हर्टर वायर मिळते. पण ती नेमकी तुमच्या मॉडेलसाठीची हवी, ‘डेलला चालते’ एवढं पुरेसं नाही. या बोर्डांपैकी काहींना बंद अवस्थेतही 12 व्होल्टच्या आसपासचा स्टँडबाय लागतो आणि साधा एसएमपीएस जांभळ्या वायरीवर 5 व्होल्टच देतो. अशा ठिकाणी वायरीत लहानसं बूस्टर सर्किट असलेलं कन्व्हर्टर लागतं. नुसत्या वायरींच्या कन्व्हर्टरवर तो संगणक चालूच होत नाही.

दुसरं, कॅबिनेटचा आकार. उभं मिनी टॉवर असेल तर डबा मागच्या चार स्क्रूंना जुळतो का ते मोजा. नेहमीचा एटीएक्स डबा 150 मिलिमीटर रुंद, 86 उंच आणि साधारण 140 खोल असतो. आडवं, चपटं कॅबिनेट असेल तर तो आत जाणारच नाही. मग मूळ डब्यावरच राहा आणि वेगळी वायर न लागणारं, अर्ध्या उंचीचं कार्ड शोधा. जीटी 1030 हे 30 वॅटचं कार्ड अशा जागी बसतं. चपट्या मॉडेलांपैकी काहींत स्लॉटला 75 वॅटपेक्षा कमीच परवानगी असते, ते मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं.

प्रश्न (चोपडा) : नवा ब्राँझ एसएमपीएस बसवल्यापासून लाइट गेली की इन्व्हर्टर असूनही संगणक बंद होतो. जुना लोकल डबा तर आरामात चालायचा. नवा खराब निघाला का?

उत्तर : बहुधा नाही. जुन्या डब्यात नसलेलं अॅक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट नव्यात आहे. ते विजेच्या लहरीच्या आकाराबरहुकूम करंट ओढतं, म्हणून त्याला गोलसर, शुद्ध साइन लहर आवडते. स्वस्त किंवा जुना इन्व्हर्टर चौकोनी लहर देतो. चौकोनी लहरीच्या कडेला हे सर्किट एकदम मोठा करंट मागतं, इन्व्हर्टर ओव्हरलोड समजून झटकतो किंवा डबा स्वतःच बंद होतो. जुना डबा मिळेल ते गिळायचा, म्हणून त्याला फरक पडत नव्हता.

आधी फुकटचा उपाय करा. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोड आणि नॉर्मल किंवा इकॉनॉमी मोड असं बटण असतं. ते यूपीएसवर हवं. वीज गेल्यावर डबा स्वतःच्या कॅपॅसिटरवर पूर्ण भाराला जेमतेम 16-17 मिलिसेकंद तग धरतो. यूपीएस मोडमध्ये बदल साधारण तेवढ्या वेळात होतो, नॉर्मलमध्ये त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागू शकतो. पंख्याला ते कळतही नाही, संगणकाला कळतं. बटण बदलल्यावर सगळं सेव्ह करून मेन स्विच तीन वेळा पाडून पाहा. आधी संगणक रिकामा असताना, मग एखादा व्हिडिओ चालू ठेवून. रिकामा टिकतो आणि भारावर पडतो, तर इन्व्हर्टरची लहर किंवा ताकद कमी पडते आहे. लहर चौकोनी असेल तर साइन वेव्ह इन्व्हर्टर हाच उपाय. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरपुढे छोटा यूपीएस लावण्याची युक्ती बरेच जण सांगतात. पुष्कळदा यूपीएस ती लहर वीज म्हणून ओळखतच नाही, स्वतःच्या बॅटरीवर जातो आणि पाच-दहा मिनिटांत मान टाकतो.

संध्याकाळी व्होल्टेज पडतं असंही तुम्ही लिहिलंय. नव्या डब्याच्या पट्टीवर इनपुट 100-240 असेल तर चिंता नको, 160-170 व्होल्टवरही तो चालेल. 200-240 असेल तर स्टॅबिलायझर लावा. आणि ज्यांच्याकडे अजून मागे लाल सरकबटणवाले डबे आहेत त्यांच्यासाठी : ‘व्होल्टेज कमी येतं म्हणून’ ते बटण 115 वर सरकवू नका. त्या जागी आतलं सर्किट व्होल्टेज दुप्पट करतं. शेतीचे पंप बंद होऊन लाइन 230 वर आली की आत साडेसहाशे व्होल्ट तयार होतात, आणि तिथले दोन कॅपॅसिटर मिळून 400 च्या आसपासचेच असतात. आवाज शेजारच्या गल्लीत जातो.

प्रश्न (धरणगाव) : जिनिंगच्या ऑफिसातला हिशेबाचा संगणक सीझनमध्ये दुपारी आपोआप बंद पडतो, अर्ध्या तासाने चालू होतो. एसएमपीएस मोठा घ्यावा का?

उत्तर : अर्ध्या तासाने आपोआप बरा होतो म्हणजे तापतोय. मोठा डबा आणलात तरी त्याच्या जाळीतही कापूसच भरेल. जिनिंगमधले तंतू धुळीसारखे उडून जात नाहीत, पंख्याच्या पात्यांना आणि हीटसिंकच्या (प्रोसेसर गार ठेवणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) फटींना नमद्यासारखे चिकटतात. मग प्रोसेसर तापून बंद होतो किंवा एसएमपीएस. दोन्हींत फरक ओळखायला संगणक चालू असताना डब्याच्या मागच्या जाळीसमोर हात धरा आणि बंद पडल्याबरोबर पत्रा किती तापलाय ते पाहा. हवा अजिबात आली नव्हती आणि पत्रा चटका देतोय, तर दोषी डबा.

संगणक बाहेर अंगणात न्या. प्रोसेसरचा पंखा काढून हीटसिंकवरचा थर चिमट्याने उचला, मग ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने किंवा काडीने धरून ठेवा, नाहीतर भन्नाट फिरून बेअरिंग जातं. प्रोसेसरवरची पेस्ट सुकून खडूसारखी झाली असेल तर पुसून वाटाण्याएवढी नवी लावा. एसएमपीएसमध्ये बाहेरूनच, जाळीतून हवा मारा. तो उघडायचा नाही. वायर काढल्यावरही आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये 300 व्होल्टच्या वर चार्ज काही वेळ राहतो.

सीझनमध्ये हे दर पंधरा दिवसांनी करावं लागेल. संगणक जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवा, तंतू खालीच जास्त साचतात. कॅबिनेटच्या पुढच्या जाळीवर सुती कापड बांधू नका, हवाच कोंडते. कूलरला लावतात तशी नायलॉनची बारीक जाळी चालेल, ती आठवड्याला झटकायची. नंदुरबारकडे मिरचीच्या धंद्यात असलेल्यांनीही हेच करावं, फक्त ब्लोअर मारताना नाकाला रुमाल बांधून.

प्रश्न (धुळे) : नवा एसएमपीएस बसवल्यावर कॅबिनेटला हात लागला की मुंग्या येतात. जुन्यालाही येत होत्या. लीकेज आहे का?

उत्तर : कॅबिनेटपर्यंत अर्थिंग पोचत नाही. प्रत्येक एसएमपीएसमध्ये विजेतला कचरा गाळणारे दोन छोटे कॅपॅसिटर असतात, तो कचरा त्यांनी अर्थच्या पिनेतून जमिनीत सोडायचा असतो. अर्थची वाटच नसेल तर पत्र्यावर निम्मं, म्हणजे 115 व्होल्टच्या आसपास तरंगतं. करंट अत्यल्प, म्हणून मुंग्याच येतात. पण हीच वाट खऱ्या लीकेजच्या वेळी जीव वाचवते, ती नसणं साधी गोष्ट नाही. मल्टिमीटर एसीवर ठेवून भिंतीवरच्या स्विचबोर्डाच्या फेज आणि अर्थमध्ये मोजा. 230 च्या आसपास आलं तर अर्थ आहे, 50-100 किंवा काहीच नाही तर नाही. आधी तीन पिनांच्या टोकाला दोन पिनांचं कन्व्हर्टर लावलंय का पाहा. ते लावलेलं असेल तर भिंतीतलं अर्थिंग कितीही चांगलं असून उपयोग नाही. अर्थ म्हणून न्यूट्रल जोडून देणारे वायरमनही भेटतात. ते काम करून घेऊ नका : न्यूट्रल कुठे तुटला तर संपूर्ण कॅबिनेट 230 व्होल्टचं होईल.

प्रश्न (शिरपूर) : हिरवी आणि काळी वायर जोडल्यावर पंखा फिरला, म्हणजे एसएमपीएस चांगला ना?

उत्तर : जिवंत आहे एवढंच कळलं. पंखा फिरायला दोन वॅट लागतात. संगणकाला जोडलेला असताना, काम चालू असताना मीटर लावा. पिवळ्यावर 11.4 ते 12.6, लालवर 4.75 ते 5.25, केशरीवर 3.14 ते 3.47 यांत आकडा हवा. रिकामा असताना 12.1 आणि भार आला की 11.2, तर तो डबा गेला.

प्रश्न (शहादा) : आय-3 4130 चा संगणक स्लीपमध्ये गेला की उठत नाही. एसएमपीएस 2009 चा आहे.

उत्तर : 2013 मध्ये आलेले हॅसवेल प्रोसेसर (तुमचा त्यातलाच) झोपेत 12 व्होल्टवरून इतकं कमी ओढतात की जुन्या डब्यांना भार नाहीच असं वाटतं आणि ते बंद होतात. बायोसमध्ये (संगणक चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) सी6/सी7 स्टेट, म्हणजे प्रोसेसरच्या गाढ झोपेच्या पायऱ्या, बंद करा, तात्पुरतं काम भागेल. पण 2009 चा डबा आहे, तोच बदला.

प्रश्न (चाळीसगाव) : जुन्या मॉड्युलर (वायरी सुट्या काढता येणाऱ्या) एसएमपीएसच्या वायरी चांगल्या आहेत. नव्या कंपनीच्या डब्याला लावू का? आणि 650 वॅटचा घेतला तर बिल वाढेल का?

उत्तर : वायरी लावू नका. डब्याकडच्या टोकाचा क्रम कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही वेगळा असतो. टोक बसतं, आणि 5 व्होल्टच्या जागी 12 जाऊन हार्डडिस्क फोटोंसकट जळते. जुन्या वायरींवर डब्याचं नाव लिहून त्यांची वेगळी पिशवी करा.

बिलाचं म्हणाल, तर संगणक मागेल तेवढीच वीज जाते. 100 वॅट वापरणारा संगणक 70 टक्के कार्यक्षम डब्यावर भिंतीतून 143 वॅट ओढतो, 85 टक्केवाल्यावर 118. रोज आठ तास धरले तर महिन्याला सहा युनिट वाचतात. मात्र 100 वॅटच्या संगणकाला 650 चा डबा म्हणजे तो कायम 15-16 टक्क्यांवर चालणार. तिथे कोणत्याही डब्याची कार्यक्षमता घसरते. 450 घ्या.